सात फळांचं झाड

३ डिसेंबर

प्रिय ताई,

आम्ही दोघं बरे आहोत. बाबांची साखर आटोक्यात आहे. फाटकाजवळचा चाफा मजेत आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही म्हणून असेल. एरवी यानंतर मी तुझ्या संत्र्याच्या झाडाची उंची लिहिते. आज आधी रविवारी काय झालं ते क्रमाने सांगते.

१. तुझ्या झाडाला यंदा पहिल्यांदाच फळं धरली. सात.
२. रविवारी सकाळी एक पिकलेलं वाटलं, म्हणून तोडलं. वजन एकशे बारा ग्रॅम.
३. साल जाड, आत बियाच बिया. इतकं आंबट की खाता आलं नाही.
४. बाबांनी मात्र एक फोड तोंडात टाकली आणि तोंड वाकडं न करता संपवली.
५. उरलेलं फळ, एक फांदी आणि माझी मोजमापाची वही घेऊन मी रोपवाटिकावाल्या काकांकडे गेले.

काकांनी फळ हुंगलं, फांदीवरच्या काट्यांवरून बोट फिरवलं आणि हसायला लागले.

"पोरी, हे संत्रं नाहीच. तुझं कलम कधीच मेलंय. खालचा खुंट फुटलाय, रानटी. चार वर्षं काटे वाढवलेस की गं, आणि तेही मोजून!"

कलम म्हणजे दोन झाडं असतात, हे मला तेव्हा कळलं. खाली कणखर जातीचा खुंट, वर गोड फळाची फांदी. वरचं मेलं की खालचा जोमाने फुटतो. तुला दर सहा महिन्यांनी कळवलेली उंची त्या खुंटाची होती. आकडे बरोबर होते. मी दिवसभर लोकांचे वजनकाटे तपासून त्यांना दाखले देते, म्हणून हे जास्त लागलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते मागच्या पायरीवर बसून चाकूला धार लावत होते. म्हणाले, माहीत आहे, पहिल्या फुटव्यापासून माहीत आहे.

"मग सांगितलं का नाही?"

"उपटून टाकलं असतंस." मग धार बोटाने बघत म्हणाले, "कामावरून आलीस की जेवून थेट खोलीत. झाड मोजायला तेवढी मागे यायचीस. आकडेच सांगायचीस, पण सांगायचीस."

वरचं का मेलं, हे त्यांनी विचारलं नाही. तू विचारशील.

तू गेलीस त्या उन्हाळ्यात बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि झाडांना पाणी मी घालत होते. फाटकापाशी तू म्हणालीस, "माझ्या झाडाकडे बघ हं, मोजपट्टी." बाबांकडे बघ असं म्हणाली नाहीस, ते तू धरूनच चालली होतीस. मी डाळिंबाला पाणी घातलं, चाफ्याला घातलं, अंजिराला घातलं. तुझ्या झाडाला अकरा दिवस घातलं नाही. विसरले नव्हते. बाराव्या दिवशी दोन बादल्या ओतल्या, तोवर पानं वाळून खाली पडली होती. पुढे बुंध्याशी हिरवे फुटवे आले तेव्हा इतकं हायसं वाटलं की ते कशाचे आहेत हे मी कुणालाच विचारलं नाही.

तेव्हापासून मला मोजपट्टी अशी हाकही कुणी मारलेली नाही.

काकांच्या मते खुंट उत्तम आहे, त्यावर पुन्हा संत्र्याचे डोळे भरता येतील. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतली कळी. ती सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवायची आणि पट्टीने बांधायची. तू जाताना बाबांनी त्याच संत्र्याचं दुसरं कलम तुला कुंडीत दिलं होतं. त्याची एक काडी हवी. बाबांचा हात आता थरथरतो, त्यामुळे कापणार मी, ते शेजारी बसून सांगणार. डाळिंबाच्या छाटलेल्या फांद्यांवर माझा सराव चालू आहे. काल म्हणाले, "ऑपरेशन नाहीये हे, श्वास घे."

ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी प्रवासात तीन दिवस धड राहते. टपालाला पाच लागतात. म्हणजे ती कुणीतरी हातात घेऊन यायला हवी. तुझ्या खोलीत मी फक्त इस्त्रीचं टेबल ठेवलं आहे, ते हलवता येईल.

खुंटाची साल महिनाअखेरपर्यंतच सहज सुटेल, मग पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागेल. बाबांचं थांबणं किती, ते मला मोजता येत नाही.

तुझं कुंडीतलं झाड जिवंत आहे का, आणि तू येतेस का, ते पंधरा तारखेपर्यंत कळव. उत्तर नाही असेल, तरी कळव.

तुझी,
मोजपट्टी