शिडी इलायात, कचेरी माबाटोत

माबाटो, सान फेर्मिन
९ फेब्रुवारी १९८३

चि. आर्तेमियो यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद. वाळवंटात राहतोस, पाणी पीत जा.

तुझा साबण आणि खजूर पोचले. साबण मी वापरते, खजूर बाबांनी त्यांच्या झुंजीच्या तांबड्या कोंबड्याला चारले. माणसांना विचारलंसुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या लग्नाचं फिसकटलंय. परवाच्या रविवारी आम्ही डेल्फिनाला मागणी घालायला नदीपलीकडे इलायात गेलो. भाजलेलं डुकराचं पिल्लू, नारळीभाताच्या वड्या, मी नवी चप्पल घातलेली. तिची आजी लोला इकांग शिडीच्या वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी. वरून 'वर या' म्हटल्याशिवाय आपण कोणाच्या शिडीला पाय लावत नाही, आणि मागणीच्या दिवशी 'वर या' म्हणजे निम्मा होकार. म्हातारी पाऊण तास उभी राहिली, पण ते दोन शब्द काही बोलली नाही! पिल्लू गार झालं. डेल्फिना मागे उभी राहून रडत होती.

शेवटी लोला एवढंच म्हणाली की तुमच्या म्हाताऱ्याने आमची कचेरी पळवली, ती परत आणा, मग माझ्या नातीचं नाव काढा.

आजोबांनी ती कचेरी इथे आणली त्याला बावन्न वर्षं झाली रे! बाबा तिथेच ओरडले की ती चोरी नव्हती, स्थलांतर होतं. झालं, आगीत तेल पडलं.

गंमत बघ, जत्रेच्या पुस्तिकेसाठी गावाचा इतिहास लिहायचं काम मेयरनी माझ्याच गळ्यात मारलंय. त्यात काय लिहू, चोरी की स्थलांतर? आणि तुला सुट्टी मिळणार मे महिन्यात फक्त तीस दिवस. ती हुकली तर पुढची दोन वर्षांनी. तोवर डेल्फिना थांबेल, पण लोला तिला थांबू देईल असं मला वाटत नाही.

काही सुचलं तर लगेच कळव. माया आहेच, ती वाढव.
तुझी ताई,
पेपांग


दम्माम, सौदी अरब
१ मार्च १९८३

ती. सौ. ताईस,
आर्तेमियोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. इथे मी परक्यांच्या घरांना दारं बसवतो, आणि माझं स्वतःचं दार एका म्हातारीने अडवलंय.

आजोबांची गोष्ट मी इथल्या पोरांना सांगितली. जत्रेची दुपार, सगळं इलाया मिरवणुकीत, आणि आजोबांनी चाळीस माणसं घेऊन खांबांवरची अख्खी लाकडी कचेरी बांबूंवर उचलली. आत तेव्हाचे मेयर जेवून झोपलेले! नदी ओलांडली तरी त्यांना जाग नाही. जागे झाले ते माबाटोत. वारा छान आहे म्हणाले आणि राहिले, गावाचा कारभारही माबाटोतच राहिला. पण उतरायला गेले तर शिडीच नाही. गडबडीत आजोबा शिडी इलायातच विसरले! मग मेयर आठवडाभर आजोबांच्या पाठीवरून कचेरीत चढत-उतरत होते. पोरं हसून लोळली.

मग रात्रभर विचार केला. ताई, ती कचेरी अजून आहे की! सिमेंटची नवी झाल्यापासून जुनी आपल्याच परसात आहे, बाबांचे कोंबडे राहतात तिच्यात. आणि शिडी अजून लोलाच्या अंगणात उभी आहे, कुठेच न जाणारी, तिच्यावर कोंबड्या बसतात. कचेरीचे खांब पक्क्या लाकडाचे आहेत, मी गेल्या खेपेला ठोकून पाहिलेत. तेव्हा कचेरी उचला आणि शिडीपाशी न्या. मी आणि डेल्फिना तिच्यातच राहू.

बाबा ऐकणार नाहीत, ठाऊक आहे मला. त्यांना सांग, परत करायची नाहीये. आजोबांचं काम अर्धवट राहिलंय, घर एकीकडे आणि शिडी एकीकडे. ते आपण पुरं करतोय. दिशा तेवढी उलटी.

लोभ आहे तसाच ठेव, आणि डेल्फिनाला रडू देऊ नकोस.
तुझा,
आर्तेमियो


माबाटो
२७ मार्च १९८३

चि. आर्तेमियो यास,
आशीर्वाद. अरे, डोकं आहे तुला! मी लहानपणी उगाच शंका घेतली.

तुझा निरोप सांगितल्यावर बाबा तीन दिवस अडून बसले. म्हणायचे, कचेरी परत नेली तर माझा बाप चोर ठरतो. चौथ्या दिवशी बघते तर कोंबड्यांना बाहेर काढून जमीन घासतायत. स्वतःच म्हणाले की म्हाताऱ्याने अर्धवट काम कधी ठेवलं नव्हतं, हे एकच राहिलं होतं. आणि मग डोळ्यात धूर गेला म्हणाले. चूल पेटलेली नव्हती.

माणसांची काळजी नको. इथे कोणाचं घर हलवायचं म्हटलं की बोलावणं लागत नाही, भाताचं पातेलं चढलेलं दिसलं की माणसं येतात. मेयर म्हणतात, मीही आत झोपणार. इतिहास आहे म्हणे! त्यांचं वजन तुला माहीतच आहे.

लोलाला मात्र काही सांगितलेलं नाही. एवढं करूनही ती नाहीच म्हणाली तर काय?

प्रार्थना करत जा. जेवतही जा.
पेपांग


माबाटो
२ मे १९८३

चि. आर्तेमियो यास,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

काल कचेरी गेली. साठ माणसं, नवं झावळ्यांचं छप्पर, पुढच्या बांबूला बाबा. गुडघाभर पाण्यात आल्यावर माणसं ओरडायला लागली की एक तर इतिहास वाहतो नाही तर मेयरना वाहतो, दोन्ही जमणार नाही. मेयरना मधोमध उतरवलं. बिचारे पँट भिजवत चालले, पण हात हलवायचे थांबले नाहीत. तांबडा कोंबडा कसा कोण जाणे आतच राहिला होता, तो नदीत असताना आरवला.

इलायाचे लोक काठावर जमले. क्षणभर वाटलं, दगड येतात की काय. मग त्यांच्यातलेच वीसजण पाण्यात उतरले आणि त्यांनी बांबूंना खांदा लावला.

लोलाच्या अंगणात बाबांनी स्वतः उभं राहून घर शिडीला लावलं. बावन्न वर्षांनी, आणि बोटभरही फरक नाही! लोला बाहेर आली. ती एकेक पायरी हाताने पुसत चढली, आत गेली, भिंतींवरून हात फिरवला. बराच वेळ बाहेरच आली नाही. मग दारात येऊन ती बाबांना काय म्हणाली ते मी सांगणार नाही. तिला तुला स्वतः लिहायचंय. अक्षर माझं, शब्द तिचे.

पुस्तिकेत मी 'चोरी'ही लिहिलं नाही आणि 'स्थलांतर'ही नाही. 'उसनी नेली' असं लिहिलं. दोन्ही गावं कुरकुरली, म्हणजे बरोबरच असणार.
पेपांग


इलाया
२ मे १९८३

आर्तेमियो,
मी इकांग. आशीर्वाद नंतर, आधी एक गोष्ट दुरुस्त कर. तुझा आजोबा शिडी विसरला नव्हता. मी चौदा वर्षांची होते. पायांना फोड आलेले, म्हणून मिरवणुकीला गेले नव्हते. त्यांनी कचेरी उचलली तेव्हा मी शिडीवर बसले आणि उठले नाही. चाळीस माणसं माझ्यावर ओरडली. तुझ्या आजोबाने मला एका हाताने उचललं असतं. त्याने टोपी काढली, म्हणाला राहू दे पोरी, शिडी तुझी. आणि घरी जाऊन विसरलो म्हणून सांगितलं, चाळीस माणसांनाही तेच सांगायला लावलं, म्हणजे पोरीपुढे हरलो असं कोणी म्हणायला नको! मी इतकी वर्षं त्याला शिव्या दिल्या, आणि मेला तेव्हा तीन दिवस जेवले नाही.

काल तुझा बाप खाली उभा होता, टोपी काढून. अगदी त्याच्यासारखा.

तुझी ताई म्हणते तुझं विमान वीस तारखेला येतं. आधी घरी जाऊन अंघोळ करून वगैरे येऊ नकोस, सरळ इकडे ये. डेल्फिनाने पायऱ्या धुतल्यात. बापाला मी जे काल म्हटलं तेच तुलाही म्हणते, पुन्हा म्हणायला लावू नकोस.

वर ये.