दुसऱ्या तारखेचं पत्र

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, वकिलाच्या ऑफिसातून निवृत्त झालेली टायपिस्ट, हे मृत्युपत्र माझ्याच मशीनवर टाइप करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. कोणाची जबरदस्ती नाही. ती आजवर कोणाला जमलेली नाही.

१. माझ्या कमाईचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट माझे यजमान, धंद्याने चष्मेवाले, यांना हयातभर राहण्यासाठी व त्यांच्यानंतर लेकीला मिळावा. "अगं आई, 'माजी यजमान' लिही," लेक म्हणाली. लिहिलेलं नाही. कारण कलम चारमध्ये.

२. लेकीला टाइपरायटर आणि बांगड्या. तिचा ताबा माझ्याकडे होता, रविवार त्यांचा. रविवारी ती नंबर नसताना नवी फ्रेम घालून परतायची.

नणंदबाईंना काही नाही. परस्पर संमतीच्या अर्जावर दोनच सह्या लागतात. त्या तिसरी करायला पेन घेऊन आल्या होत्या.

३. पोटगी मी मागितली नाही. तरी एकवीस वर्षं, दर दोन वर्षांनी ते नंबर तपासून नवा चष्मा आणतात. "ही घ्या पोटगी, बाईसाहेब." मीही त्यांना अजून "अहो"च म्हणते. घटस्फोटानंतर काय म्हणायचं, हे कुठल्या कायद्यात दिलेलं नाही.

४. आता कबुली. अर्जात "स्वभाव जुळत नाहीत" असं मीच टाइप केलं. खरं तर ते माझं एक वाक्य पुरं होऊ देत नसत. पहिल्या तारखेला आम्ही कोर्टात सह्या केल्या आणि त्यांना वाटलं, सुटलो. पण सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा हजर राहून "विचार पक्का आहे" म्हटल्याशिवाय घटस्फोट होत नाही. अशिलांना त्या दुसऱ्या तारखेचं पत्र पाठवणं माझंच काम. यांचं टाइप केलं, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं. वकीलसाहेबांना मी म्हणाले, समेट झाला. या खोट्याबद्दल माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी हातावर पट्टी मारली असती. अठरा महिन्यांनी अर्ज आपोआप मावळला. म्हणजे कायद्याने आम्ही अजून नवरा-बायकोच.

५. गेल्या मंगळवारी ते माझा चष्मा पुसत म्हणाले, "बाईसाहेब, पुन्हा लग्न करू या का? गाजावाजा नको."

"घटस्फोटाचे कागद लागतील," मी म्हणाले.

"मग काढू या की!"

मधल्या काळात त्यांनी दुसरीशी लग्न केलं असतं, तर ते बेकायदा ठरलं असतं. त्यांचा निर्णय मी त्यांना न विचारता घेतला. तेव्हा हे प्रेम वाटलं होतं. आता लाजही वाटते.

६. म्हणून हा कागद माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. आज चारला ते येतील, तेव्हा मीच वाचून दाखवीन. शेजारी घटस्फोटाचा नवा अर्ज ठेवला आहे, माझी सही करून. त्यांनीही सही केली, तर या वेळी दोन्ही तारखांना मी वेळेवर हजर राहीन. आणि फ्लॅट तरीही त्यांचाच.

साक्षीदार: वकीलसाहेब ("बाई, मलाही फसवलंत!" म्हणाले आणि सही केली), खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: अकरा मार्च, दुपारी साडेतीन.