मनाच्या तासाचा गृहपाठ

ता. २ जुलै

ती. ताईस,
बारकीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं हं करते आणि पत्रात मात्र माझं तोंड सुटतं, हा तुझा टोमणा कबूल. तर आता ऐक.

आमच्या शाळेत यंदा एक नवा तास आलाय. वेळापत्रकात त्याचं नाव लांबलचक आहे, भावनिक आणि सामाजिक कौशल्यं वगैरे. मुलं त्याला मनाचा तास म्हणतात. गणिताच्या सरांनी हात वर केले म्हणून मोठ्या बाईंनी तो माझ्या गळ्यात घातला. त्याचं प्रशिक्षणही झालं. आम्ही सगळी मोठी माणसं गोल बसून एकमेकांना राग, भीती, हेवा असे चेहरे करून दाखवत होतो. मला हेवा काही केल्या जमेना. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मोठ्या बहिणीला आठवा. लगेच जमला.

थट्टा सोड, पण तास छान चाललाय. मुलांना एक वाक्य शिकवायचं असतं: तुम्ही असं केलंत की मला असं वाटतं. आरडाओरडा नाही, आरोप नाही, नुसतं सांगायचं. नऊ-दहा वर्षांची पोरं आधी खी खी करत होती, आता भांडण झालं की आपणहून ते वाक्य म्हणतात.

वर्गात एक मुलगी आहे. सगळ्यात बुटकी, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणतात. ताई, या पोरीला माणसं वाचता येतात. परवा माझी दाढ ठणकत होती, मी कुणाला कळू दिलं नव्हतं. हिने न सांगता मागच्या बाकांवरचा गोंगाट बंद केला आणि मला खुर्ची ओढून दिली. गणिताचे सर जिन्यात असतानाच त्यांच्या बुटांच्या आवाजावरून आज ते चिडलेत हे ती सांगते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही हसून हसून लोळलो. मोठ्या बाईंनी तिच्या छातीवर 'वर्गाची मैत्रीण' असा बिल्ला लावलाय. वडिलांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. पालकसभेला तेच आले होते. इतका मृदू बोलणारा गृहस्थ मी पाहिला नाही. मुलीचं कौतुक ऐकून त्यांनी मला हात जोडले.

भाऊजी कसे आहेत? अजून तसेच गप्प? त्यांना माझा नमस्कार सांग. तुझा राग आणि लोभ दोन्ही असू दे.

तुझी,
बारकी

---

ता. १४ जुलै

चि. बारकीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्याकडे बघून तुला हेवा जमला, हे वाचून दुकानात एकटीच हसले. गिऱ्हाईक समोर चष्म्याची फ्रेम घालून बसलं होतं, त्याला वाटलं मी त्यालाच हसतेय. त्याने ती फ्रेम घेतलीच नाही. नुकसान तुझ्या नावावर.

आता गंमत नाही, खरं सांगते. धाकटे दीर गेल्यापासून हे गॅलरीतल्या खुर्चीत बसून असतात, हे तुला माहीतच आहे. जेवायला हाक मारली की येतात, पान वाढलं की खातात, पुन्हा जाऊन बसतात. मी आधी समजूत घातली, मग चिडले, मग तोही नाद सोडला. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त नळाचा.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि तुझं ते वाक्य म्हटलं. मी म्हणाले, तुम्ही बोलत नाही तेव्हा मला वाटतं, तुमच्या भावाबरोबर मीही गेले. बस, एवढंच. त्यांनी कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलं. मग रडले, बारके. पहिल्यांदा. आणि मग भावाबद्दल बोलत राहिले, दिवे लावायची वेळ झाली तरी बोलतच होते.

म्हणून तुला सांगते, हे वर्गातल्या वर्गात घोकून काय उपयोग? एकमेकांशी भांडणारी पोरं काय, आज भांडतील उद्या खेळतील. खरं ओझं घरात असतं. त्यांना घरी म्हणायला लाव. गृहपाठच दे. बघ काय चमत्कार होतो ते.

दाढ दाखव. टाळाटाळ करू नकोस.

तुझ्या भल्याची काळजी करणारी,
ताई

---

ता. २९ जुलै

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं विचारू नको. भाऊजी बोलले! मी इथे एकटीच खोलीभर नाचले.

तुझी सूचना मी मोठ्या बाईंना सांगितली, त्यांनाही पटली. पुढच्या महिन्यात शाळेची तपासणी आहे, त्यात दाखवायला काहीतरी हवंच होतं. आज गृहपाठ दिला. प्रत्येकाने घरातल्या एका माणसाला ते वाक्य म्हणायचं आणि काय झालं ते वर्गात सांगायचं. एकीने लगेच जाहीर केलं की ती आजीला घोरण्याबद्दल सांगणार. दुसऱ्याला मांजराला सांगितलं तर चालेल का हे विचारायचं होतं.

पिटुकलीने मात्र तास संपल्यावर येऊन विचारलं, आईला सांगितलं तर चालेल का. मी म्हटलं, चालेल, पण ज्याला सांगणं सगळ्यात अवघड वाटतं त्याला सांगशील तर खरी शाबासकी. ती जरा वेळ बिल्ल्याशी चाळा करत उभी राहिली. मग विचारलं, जेवणाआधी सांगायचं की नंतर. मला इतकं हसू आलं. मी म्हटलं, समोरच्याची लहर बरी असेल तेव्हा सांग. तिने अगदी गंभीरपणे मान हलवली. ही पोरगी मोठी होऊन नक्की वकील होणार.

कुणी काय सांगितलं ते सोमवारी कळेल, मग सविस्तर लिहीन. दाढ काढली. गाल टम्म सुजलाय, त्यामुळे सध्या मला एकच चेहरा करता येतो.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेली,
बारकी

---

ता. २० ऑगस्ट

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

दोन-तीन सोमवार होऊन गेले, तुझं सविस्तर काही आलं नाही. फोन केला तर तपासणीची गडबड आहे म्हणालीस. आवाज तुझा वाटत नव्हता. दाढेचं काही चिघळलं का? की तिथल्या कुणाशी बिनसलं?

इकडे सगळं ठीक. हे आता संध्याकाळी मला दुकानातून न्यायला येतात. येताना वाटेत मित्राकडे थांबतात आणि मला रस्त्यावर ताटकळत ठेवतात, म्हणजे माणूस पूर्ववत झाला म्हणायचा. तुझ्या वर्गातल्या पोरांचं काय झालं, असं रोज विचारतात. घोरणाऱ्या आजीचं पुढे काय झालं, हे त्यांना कळायलाच हवंय.

चार ओळी का होईना, लिही. जिवाला लागून राहिलंय.

वाट पाहणारी,
ताई

---

ता. ६ सप्टेंबर

ती. ताईस,
बारकीचा नमस्कार.

फोनवर मला हे सांगता आलं नसतं. लिहितानाही जमेल असं नाही.

त्या सोमवारी पिटुकली शाळेत आली नाही. मंगळवारी कळलं, जिन्यावरून पडली, दवाखान्यात आहे. वर्गाने कागदाची फुलं केली, मी ती घेऊन गेले. डोक्याला पट्टी, दंडावर काळेनिळे वळ, डोळा सुजून मिटलेला. कवटीला चीर गेलीय आणि डावा कान कायमचा गेला. शेजारी वडील बसले होते. मला पाहून उठले, हात जोडले, माझ्यासाठी खुर्ची पुसली. आई पायथ्याशी उभी होती. पिटुकली मला पाहून हसली. त्या सुजलेल्या तोंडाने, ताई. वडील तिच्याकडे वळले की ती हसायची, पाठ फिरली की थांबायची.

वडील डॉक्टरांना भेटायला बाहेर गेले, तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. उजवा कान माझ्याकडे करून हळू आवाजात सगळं सांगितलं. रविवार होता, दुकान बंद होतं. वडील जेवले, त्यांचं वर्तमानपत्र वाचून झालं, तेव्हा त्यांची लहर बरी आहे हे तिने नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, बाबा, तुम्ही आईला मारता तेव्हा मला भीती वाटते. ते हसले म्हणे. कुणी शिकवलं असं विचारलं. तिने माझं नाव सांगितलं. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि पुन्हा एकदा म्हणून दाखव असं सांगितलं. तिने पुन्हा म्हटलं.

पुढचं तिने सांगितलं नाही. मला विचारलं, वाक्यात तिचं काही चुकलं का.



ती चेहरे का वाचते, हे मला कळायला हवं होतं. पावलांच्या आवाजावरून माणसाचा राग ओळखणारं मूल ते कुठे शिकतं? आम्ही हसलो आणि तिला बिल्ला दिला.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, आई जिन्यावरून पडली म्हणते, मुलगी बाकी कुणाजवळ बोलली नाही, मग आपण कुणाच्या घरात फूट पाडणारे कोण? गृहपाठाचा उल्लेख मात्र कुठेही करू नकोस, शाळा बंद पडेल. तपासणी झाली. इतर मुलांनी आपापले अनुभव सांगितले, टाळ्या पडल्या. मी तिथे उभी होते, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

पिटुकली अजून दवाखान्यातच आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी शेवटी पोलिसांना कळवलंय. जिन्यावरून पडून दंडावर बोटं उमटत नाहीत, असं ते म्हणाले. मला बोलावतील. शाळेतला डबा रोज तसाच परत येतो.

भाऊजींना सांग, आजीचं घोरणं तसंच आहे.

बारकी

---

ता. ११ सप्टेंबर

चि. बारकीस,
आशीर्वाद.

एवढं सगळं लिहिलंस, पण गृहपाठ कुणी सुचवला हे एकदाही लिहिलं नाहीस. तू मला झाकलंस. म्हणून मीच लिहिते. ते माझ्या पत्रातून गेलं. माझ्या घरात चमत्कार झाला आणि मला वाटलं, सगळीच घरं माझ्यासारखी. माझ्या समोर खचलेला माणूस बसला होता. त्या पोरीसमोर कोण बसलं होतं, हा विचार मला शिवलाही नाही.

तुझं पत्र हे मोठ्याने वाचत होते. त्या दोन वेळा म्हटलेल्या वाक्यापाशी त्यांनी पत्र घडी करून ठेवलं. मग उठले, चपला घातल्या आणि माझं तिकीट काढून आले. मला एवढंच म्हणाले की बारकीला जबानीला एकटीला जाऊ देऊ नकोस.

मी शनिवारी पोचते. तोवर एक कर. पोरीने जे सांगितलं ते शब्दाला शब्द मनात पक्कं ठेव, आणि विचारतील तेव्हा तसंच सांग. गृहपाठही सांग. मोठ्या बाई काय म्हणतील, नोकरी राहील की जाईल, ते नंतर बघू. नाही राहिली तर चष्मे पुसायला ये. मी वाईट मालकीण आहे, पण खायला घालते.

आणि जेव. माझी शपथ आहे.

ताई

---

ता. १८ डिसेंबर

ती. ताईस,
बारकीचा नमस्कार. वि. वि.

तू परत गेलीस तेव्हा वाटलं होतं, आता काही होणार नाही. तू स्वतःच पाहिलंस. माझी जबानी झाली, पण एकट्या माझ्या सांगण्यावर काय उभं राहणार? पोलिसांकडून चौकशीला आलेल्या बाईंनी पिटुकलीला आईवडिलांच्या देखत विचारलं, तेव्हा तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहून घेतलं आणि पडले म्हणून सांगितलं. डॉक्टर भांडले म्हणून तिला वेगळ्या खोलीत नेलं. तिथेही तेच. उलट चौकशीच्या बाई दमलेल्या दिसतात म्हणून त्यांना बसायला सांगितलं. तू गेल्यावर दोन दिवसांनी वडील तिला घरी घेऊन गेले.

मग एका दुपारी शाळा सुटल्यावर तिची आई माझ्या रिकाम्या वर्गात येऊन बसली. मुलांच्या त्या छोट्या बाकावर. मग म्हणाली, पोरगी आता घरात हाक मारली तरी लवकर ऐकत नाही, आणि त्यावरूनही तो चिडतो. ते म्हणताना ती रडलीसुद्धा नाही. मी तिला घेऊन तशीच पोलिसांकडे गेले. त्या संध्याकाळी तिच्या भावाने दोघींना आपल्याकडे नेलं.

खटला चालू आहे. वडिलांना जामीन मिळाला. दुकान रोज उघडतं, लोक औषधं घेतात, ते सगळ्यांशी तसेच मृदू बोलतात. मला दिसले की हात जोडतात. पालकांपैकी निम्म्यांचं म्हणणं, या बाईनेच पोरांना घरच्यांविरुद्ध शिकवलं. मनाचा तास बंद झाला, त्या जागी व्याकरण आलं. नोकरी राहिली, पण शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. तरी कुणी मूल जवळ आलं, तर आता मी आधी विचारते की घरी कोण कोण असतं, आणि मग त्याला बोलू देते.

दर रविवारी मी पिटुकलीला तिच्या मामाकडे भेटायला जायचे. ती नवं कपाट दाखवायची, पाणी आणून द्यायची, माझी साडी छान आहे म्हणायची. मला वाटे, सावरतेय. काल तिच्या आईने मला दारातच थांबवलं. म्हणाली, बाई, राग मानू नका, पण आता येऊ नका. तुम्ही येणार म्हटलं की ती सकाळपासून शहाण्यासारखी वागते, तुम्ही गेलात की उलट्या करते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती हे सगळं करते.

मी बरं म्हटलं आणि जिना उतरले.

रस्त्यावर येऊन वर पाहिलं. पिटुकली खिडकीत उभी होती. मी नको म्हणून मान हलवली, काहीच करू नकोस असं. कळलं असावं तिला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली नाही. तोंडावर काही म्हणजे काही आणलं नाही. मग खिडकीतून आत गेली.

मी आता तिथे जाणार नाही. रविवारी काय करायचं ते कळत नाही. भाऊजींना म्हणावं, जमलं तर या, दोघंही या. मला बोलायचं नाहीये, तुम्ही नुसते घरात असा.

लोभ आहेच, तो सांभाळून ठेव.

तुझी,
बारकी