राखीव साठा

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

तारीख मिळाली. म्हणजे मीच दिली. वीज कंपनीचे इंजिनियर म्हणाले, चाचणीचा दिवस तुम्ही सांगा. मी एक ऑक्टोबर सांगितलं. सरकारी सुटी, सगळे घरी, दिवसा खर्च जपून करा म्हणून सांगता येईल — संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या बॅटऱ्या काठोकाठ. फोन ठेवला आणि स्वतःवर खूश झाले. (हे लिहायला नको होतं. पण झाले.)

मैलापुरातली नव्वद घरं. गच्चीवर सौर पॅनेल, बाल्कनीत नाहीतर जिन्याखाली बॅटरी. एकेकटी बॅटरी म्हणजे चार पंखे आणि फ्रिज. पण नव्वदच्या नव्वद एका पडद्यावरून, एका इशाऱ्याने सोडल्या की ते वीज केंद्रच — ना इमारत, ना धुराडं. संध्याकाळी शहराची मागणी चढते तेव्हा आम्ही वीज द्यायची. कबूल केलेली वीज दोन तास देऊन दाखवली तर कंपनी आमच्या मंडळाला कायमचं जोडून घेणार. नाही जमलं तर मंडळ संपलं. अध्यक्ष अनंतकृष्ण सर तेवढंच म्हणाले, “संयुक्ता, दुसऱ्यांदा कोण विचारणार आपल्याला?”

मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, ऑक्सिजनचं यंत्र आज दिवसभर चालू. ते त्याला घरजावई म्हणतात. “दिवसभर गुणगुणतो, फुकट खातो, आणि हाकलावं तर माझाच जीव जाईल.”

१४ सप्टेंबर, रविवार

मंडळाची सभा. सरोजा मामींनी सगळ्यांसमोर विचारलं, “सेक्रेटरीच्या बॅटरीला मडी आहे का?” तमिळमध्ये मडी म्हणजे सोवळं, आणि सेक्रेटरी मी. सगळे हसले. मीही हसले, उशिरा.

“आमच्या बॅटऱ्या रोज तळाला जातात. हिची साठ टक्क्यांखाली उतरत नाही. पडद्यावर दिसतं की मला.”

नियम सांगितला : ज्या घरात आजारी माणसाचं यंत्र चालतं तिथे साठ टक्के राखीव. वीज गेली तर यंत्र त्यावर चालतं. अशी घरं दोन — खालच्या मजल्यावरचे कृष्णस्वामी, त्यांच्या पत्नीसाठी, आणि आम्ही. मामी म्हणाल्या, “नियम कोणी लिहिला?”

मी लिहिला.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मामंजींचं यंत्र नसतं तर हा नियम मला सुचला असता का? कृष्णस्वामींकडचं यंत्र तर त्याआधीपासून होतं. सुचला नव्हता! हे खरं आहे आणि ते मी आजपर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं.

मामंजींना सगळं कळलेलं. नवऱ्याने, श्रीहरीने, सांगितलं असणार. “काढून टाक ते आरक्षण,” म्हणाले. “अर्धा तास श्वास धरून बसतो मी.” मग खोकल्याची उबळ. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खोकला दिला.

१५ सप्टेंबर

नियम राहणार. तसं पत्र सदस्यांना पाठवलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

गोलू मांडला, नवरात्रातल्या बाहुल्यांचा. सात पायऱ्या, तंजावरची जुनी बाहुली-मंडळी वर, खाली मुरमुऱ्यांचा डोंगर. सासूबाईंना बॅटरीची पेटी डोळ्यांत खुपते, कारण बाल्कनीचं दार उघडलं की ती नेमकी देवीच्या शेजारी. त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, “हें काय मधेंच? पडदा घालतें.” नको म्हटलं, गरम होते. बाजूचा मोठा खटका कशाचा, विचारलं. सोपं करून सांगितलं : हा खाली केला की आपली वीज बाहेर जात नाही. हात लावू नका.

“सरी,” म्हणाल्या, म्हणजे बरं. “मज काय कराचं त्याला हात लावून.”

३० सप्टेंबर

उद्या. सगळ्यांना निरोप गेला : बॅटऱ्या भरू द्या, संध्याकाळी घरात खर्च कमी ठेवा. अनंतकृष्ण सरांनी अंगठा पाठवला. झोप येईलसं वाटत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

इस्पितळाच्या बाकावर. कालचं लिहिते. नाही लिहिलं तर मी ते बदलून टाकीन, माझा भरवसा नाही.

सकाळी लवकर मंडळाच्या खोलीवर गेले. वाटेत दुकानांच्या शटरना, रिक्षांना, स्कूटरींना चंदन-कुंकवाचे टिळे, झेंडूच्या माळा, दारात फोडलेले कोहळे. बघितलं. छान वाटलं. काहीही सुचलं नाही. आयुधपूजा! वीस वर्षं इथे आहे. आणि मिरजेला खंडेनवमीला माझे वडील दुकानातल्या सगळ्या तंबोऱ्यांना हळदकुंकू लावायचे. त्या दिवशी कुणी तारेला बोट लावलं तर हातावर फटका. पूजा केलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

दुपारपर्यंत पडदा हिरवा होता. ऊन कडक, साठा भरत होता. चार वाजल्यापासून एकेक घर करडं व्हायला लागलं. आधी वाटलं इंटरनेट. मग फोन केला.

“पूजा झाली ना. बंद करून टिळा लावलाय. आज तिला सुटी.”

दुसरा फोन. “उद्या सकाळी लावतो की. आज आयुधाला कसं राबवायचं, संयुक्ता?”

सरोजा मामी : “तुम्ही निरोपात लिहिलं होतंत भरून ठेवा. भरून ठेवलीये. वापरा असं कुठे लिहिलं होतं?” थट्टा नव्हती. खरंच तसं लिहिलं नव्हतं मी.

सात वाजता चाचणी सुरू झाली तेव्हा निम्मी घरं करडी. इंजिनियर फोनवर, आकडा वाचत होते. मी आणि अनंतकृष्ण सर जिने चढत होतो, दारं ठोठावत होतो. हात जोडले लोकांना. काहींनी देवीची क्षमा मागून चालू केल्या. बहुतेकांनी नाही. आणि मला कुणावर रागावताही येईना, कारण दिवस मी निवडला होता.

कुणाच्या तरी जिन्यात उभी राहून फोनवर आमचं घर उघडलं. राखीव साठ होतं, शून्य केलं. एवढं सोपं — बोटाने एक रेघ खाली ओढायची. मनात काय होतं ते नीट लिहायला हवं. मंडळ वाचेल असं वाटलं का? एका घराने काय वाचणार? नाही. मला वाटलं, दुसऱ्यांच्या दारात हात जोडतेय आणि स्वतःची साठ टक्के झाकून ठेवलीये. सरोजा मामींचं हसणं ऐकू येत होतं. कृष्णस्वामींच्या घराला हात लावला नाही. आपल्याच घराचं तर आहे, असं म्हटलं. मामंजींचं आहे, असं नाही म्हटलं.

लगेच एकूण आकडा थोडा चढला. आमच्याच बॅटरीने, असं वाटलं. बरं वाटलं! फोन खिशात टाकून पुढचा जिना चढले.

आठच्या सुमारास आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गेला. मोठा आवाज, मग अंधार. मी दोन गल्ल्या पलीकडे. धावत गेले. श्रीहरी गिंडीला, कारखान्याच्या पूजेला. घरात सासूबाई एकट्या, हातात निरांजन, दुसऱ्या हाताने मामंजींना वारा घालत. घरजावई गप्प. कोपऱ्यातला जादाचा सिलिंडर त्यांना उघडता आला नव्हता. मी उघडला. मामंजींचे ओठ निरांजनाच्या उजेडातही कळत होते कसे झालेत ते. माझ्याकडे बघत होते. ओळखत होते की नाही, माहीत नाही.

बॅटरीकडे मी पाहिलंही नाही. काय पाहायचं होतं?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

शुद्धीवर नाहीत. व्हेंटिलेटर. इथलं यंत्रही गुणगुणतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

चाचणी नापास. अनंतकृष्ण सर इस्पितळात आले, तेव्हा सांगितलं. वर म्हणाले, “त्याचं आत्ता काय.” मी पडद्याचा पासवर्ड त्यांना देऊन टाकला. त्या पडद्यापुढे मी पुन्हा बसणार नाही.

श्रीहरीला सांगायचं म्हणून त्याला कँटीनमध्ये नेलं. तो कॉफी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतत राहिला, प्यालाच नाही. म्हणाला, “बरं झालं तू वेळेवर पोचलीस. आई म्हणते, संयुक्ता नसती तर तिथेच गेले असते.”

नाही सांगितलं. भ्याले म्हणून, की त्याला त्या क्षणी टेकायला तेवढीच भिंत होती म्हणून? दोन्ही म्हणता येईल. दुसरं म्हणायला बरं वाटतं, म्हणून त्याचा संशय येतो.

सासूबाईंनी माझ्यासाठी डब्यात दहीभात आणला होता. स्वतः भरवला. मी खाल्ला.

५ ऑक्टोबर

उद्या सांगणार. दोघांना एकत्र. काय बोलायचं ते ठरवलंय : राखीव मी काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. लाजेपोटी काढलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

मामंजी गेले. पहाटे.

सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

घर पाहुण्यांनी भरलेलं. गोलूच्या बाहुल्या कुणीतरी घाईने आवरून खोक्यात भरल्यात. सासूबाई आत झोपून. श्वास घ्यायला म्हणून बाल्कनीत गेले आणि दार लावून घेतलं.

पेटी काळीठिक्कर. रिकामी झाली की तिचा पडदा विझतोच, मग हाताने चालू करेपर्यंत तशीच. पुसावी म्हणून फडकं घेतलं, तर खटक्यावर चंदनाचा वाळलेला टिळा, मधोमध कुंकू. गोल, नीटस, करंगळीच्या बाजूच्या बोटाने लावलेला. आमच्या घरात असा टिळा एकच माणूस लावतं.

खटका खाली होता.

वर केला. पेटी जागी झाली. शहाण्णव टक्के.

तिथेच जमिनीवर बसले. एकेक जुळवत गेले. माझा इशारा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. करड्या घरांत आमचंही होतं; दुसऱ्यांची दारं मोजताना ते मी पाहिलंच नव्हतं. मी शून्य केलं तेव्हा ती आधीच बंद होती, आकडा चढला तो दुसऱ्या कुणाच्या तरी घराने. आणि वीज गेली तेव्हा ती भरलेली होती. मामंजींना रात्रभर पुरून उरेल इतकी. फक्त खटका वर करायचा होता.

सासूबाईंना कसं कळावं? मीच सांगितलं होतं : खाली केला की आपली वीज बाहेर जात नाही. बॅटरीतून घरातही येत नाही, हे सांगायला मला लांबण वाटली. त्यांनी देवीच्या शेजारच्या आयुधाला एक दिवस बाहेरच्या कामातून सुटी दिली. यंत्राला नाही दिली. त्यालाही टिळा आहे — आत्ता जाऊन पाहिलं — पण त्याचं बटण त्यांनी चालूच ठेवलं होतं.

म्हणजे माझा हात नव्हता. हे लिहून बघितलं. हलकं वाटायला हवं. वाटलं, एक क्षण, आणि त्या क्षणाची किळस आली.

आतून हाक आली, “संयुक्ता, कोठें आहेस गं?”

१८ ऑक्टोबर, शनिवार

तेरावा झाला. लोक गेल्यावर सासूबाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “दिवा गेला तरी यंत्र चालेल, तूच सांगून होतीस. मग तें का नाही चाललं?”

मी म्हटलं, “बॅटरी मी रिकामी केली होती. चाचणीसाठी.”

त्या उठून आत गेल्या. त्यानंतर बोललेल्या नाहीत.

चंदन मी आठ तारखेलाच पुसलं होतं.