पाळणाघरातली जुळी

४ ऑगस्ट १९३१, मंगळवार

निम्मे पाळणे रिकामे! आधी वाटलं, पावसामुळे बायका अडकल्या असतील. कसलं काय! रिळिंग खात्यातल्या — सुताच्या लडी करतात त्या — निम्म्या बायकांना मिलच्या फाटकावरूनच परतवून लावलं. मालाला उठाव नाही, उद्यापासून येऊ नका. संपलं! वर्षानुवर्षं राबलेल्या बायका, आणि दोन वाक्यांत त्यांची वासलात.

त्यांतलीच देवकी दुपारपर्यंत कुंपणाशी उभी होती. कडेवर सहा महिन्यांची पोर. "बाई, इले घोटभर पाजून द्या जी. माह्या अंगावरचं आटलं." मिलचं दूध फक्त कामावरच्या बायकांच्या पोरांना. नियम आहे. मी नाही म्हटलं. वर म्हटलं, "उगाच इथे ताटकळत उभी राहू नकोस." घरी येऊन पोटभर जेवले मी. तेव्हा काही वाटलं नाही. आता लिहायला बसले तर लाज वाटते आहे.

६ ऑगस्ट

विश्वनाथराव आले होते. मिलचं कल्याण खातं त्यांच्याकडे — म्हणजे दवाखाना, पाळणाघर आणि मी. "यमुताई, पाळणे असेच रिकामे राहिले तर पुढे कुलूपच लावावं लागेल. मोठे साहेब सगळीकडे खर्च कापताहेत." इतकं गोड बोलतात हे गृहस्थ की वाईट बातमी कळायलाही वेळ लागतो.

केशवला सांगितलं नाही. धाकटा भाऊ, पण घर त्याचं. सेक्रेटरिएटात कारकून आहे. तिथेही पगार कापणार अशी कुजबुज आहे. त्याच्याकडे मी मानानं राहते ती पगार आणून त्याच्या हातावर ठेवते म्हणून. सुहासिनी मला मिलचं लुगडं मागच्या अंगणातच सोडायला लावते, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात घेत नाही — पण मग "ताई, चहा ठेवू?" असंही विचारते. पगार थांबला की तो चहा थांबेल. मग आर्वीला, सासरी. तिथे विधवा सुनेला चूल आणि दिरांची बोलणी. नको रे देवा!

१० ऑगस्ट

आज सत्यवती आली ती दोन्ही कडेवर दोन पोरं घेऊन! सत्यवती म्हणजे खात्यातली सगळ्यांत तोंडाळ बाई. नवऱ्याचं काम जुलैतच गेलं, घर हिच्या एकटीवर, तरी हिचं तोंड आपलं चालू. एका कडेवर तिचा कवडू. आधीची दोन गेली म्हणून याला कवडीला विकून परत विकत घेतलेला, नाव तेच पडलं. वर्षाचा झालाय, चार दात आलेत, मला चावतो. दुसऱ्या कडेवर — देवकीची पोर.

"हे काय गं?"

"जुळे हायेत, बाई."

"एकाला दात आणि एकीला अजून धड बसताही येत नाही!"

"पोरगा आंधी आला, पोरगी मांगून आली. बाईची जात, नटायले येळ लागला तिले! काहून अशा पाहून राहिल्या? घ्या न."

मी हसले. आणि एकदा हसल्यावर मग नियम कुठून सांगणार! घेतली. पोरीनं वाटी अशी ओढली की अर्धं दूध माझ्या पदरावर. पोट भरल्यावर ती जी झोपली ती संध्याकाळपर्यंत.

१९ ऑगस्ट

नागपुरात यंदा जुळ्यांचं पीक आलंय! कामावर असलेली जवळजवळ प्रत्येक बाई एक आपलं, एक शेजारणीचं घेऊन येते आहे. एकीनं तर तिळं सांगितलं, तिला मात्र मी दटावलं. सगळे पाळणे भरले. काहींत दोन-दोन, पाय एकमेकांच्या तोंडात.

विश्वनाथराव बघून गेले. खूश! "वा! मंदीतही आपलं पाळणाघर गजबजलेलं आहे. मोठ्या साहेबांना आवर्जून कळवतो." मी मान खाली घालून दुपटी घडी करत होते. खुदकन हसू येत होतं. या माणसानं जन्मात मूल कडेवर घेतलेलं नसावं.

२० ऑगस्ट

कित्येक वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. आज भजन म्हणत पोरांना न्हाऊ घातलं.

३१ ऑगस्ट

न्हाऊ घालताना लक्षात आलं — पोरांच्या पायातले वाळे गेले. एकाच्याही पायात चांदी नाही. कापसातून सरकी काढावी तसे पोरांचे पाय रिकामे केलेत या मंदीनं.

आज एक पोर आलं ते मान टाकूनच. डोळे अर्धे उघडे. अफू! घरी भुकेनं रडतात म्हणून आया गोळी चाटवतात. दोन वर्षं मी याच गोळीशी भांडले, घरोघर जाऊन शपथा घातल्या, तेव्हा कुठे सुटली होती. दिवसभर त्या पोराला थोपटत, पाणी शिंपडत जागं ठेवलं. संध्याकाळी त्याच्या आईला तोंडाला येईल ते बोलले. ती मग म्हणाली, "रात्री तुम्ही याल का बाई पाजायले?"

१३ सप्टेंबर, रविवार

आज मारबत निघाली — गावाची इडापिडा घेऊन वेशीबाहेर जळायला जाते ती मोठी बाहुली. पोरंटोरं ओरडत होती — रोगराई घेऊन जा गे मारबत! गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मंदी घेऊन जा गे मारबत!" आणि सगळा रस्ता तेच ओरडायला लागला. मी पण ओरडले, खिडकीतून. सुहासिनी बघतच राहिली.

२२ सप्टेंबर

सगळं उलटलं.

विश्वनाथरावांनी बोलावून घेतलं. कधी नव्हे ते बसायला खुर्ची दिली, तेव्हाच समजायला हवं होतं. मोठ्या साहेबांनी पाळणाघराचं कौतुक वाचलं. वाचून विचारलं, आपल्याकडे एवढ्या लेकुरवाळ्या बायका आहेत? दिवसातून दोनदा पाजायला उठतात, तेवढा वेळ काम बंद, वर दूध मिलचं. या दिवसांत हे परवडतं कुणाला? हुकूम असा की एक ऑक्टोबरपासून अंगावरचं मूल असलेली बाई कामावर नको. "ती कोण तुमची जुळ्यांची सत्यवती, तिच्यापासूनच सुरुवात करा म्हणाले. मलाही वाईट वाटतं, यमुताई. तुमचं काम मात्र फार उत्तम."

माझं काम! माझं काम उत्तम!

खरं सांगून टाकावं? जुळी नाहीत, निम्मी पोरं कामावरून काढलेल्या बायकांची आहेत — असं सांगितलं तर चोरी उघडी पडते. दूध बंद, मी बाहेर. आणि लेकुरवाळी ती लेकुरवाळीच. एका मुलाची असली म्हणून सत्यवतीला ठेवणार आहेत थोडेच! नाही सांगितलं तरी ती जाणारच. कुठूनही धरा, हात भाजतोच. "बरं" म्हणाले आणि उठून आले. भरलेले पाळणे हलताना पाहवत नव्हते.

२४ सप्टेंबर

सत्यवतीला सांगितलं. वाटलं, मला शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं कवडूला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "लेकरू असलं तं काढतेत न? मंग मले लेकरूच नाही."

"अगं, सगळी मिल ओळखते तुझ्या कवडूला!"

"गावाले धाडला म्हणून सांगीन. साऱ्याजणी तसंच सांगू. देवकी ठेवीन त्याले, दिवसरात्र. तिची मी आणून राहिली होती, आता माहा तिनं ठेवावा."

"आणि पाजणार काय?"

"पेज."

देवकीच्या खोलीला लागूनच मिलच्या मुकादमाची खोली आहे, पाचपावलीत. तिच्या पोरीखेरीज दुसरं पोर रडलं तर त्याला भिंतीतून कळणार. मी विचारलं, रडला तर? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला कळलं.

"अफू नको, सत्यवती. हात जोडते."

"मंग काय देऊ, बाई? सांगा न तुम्हीच."

मला सांगता आलं नाही. एवढी दोन वर्षं बायकांना शिकवत फिरले, ती मी!

२६ सप्टेंबर

एकही मूल आलं नाही.

२८ सप्टेंबर

आजही नाही. सवयीनं दूध तापवलं. शेवटी मांजर प्यायलं.

२९ सप्टेंबर

विश्वनाथराव हसतमुखानं आले. ते काही अगदीच भोळे नाहीत. "आठवड्याभरात सगळी मुलं गावी गेली? यमुताई, गुरुवारी तुम्ही फाटकावर माझ्या शेजारी उभ्या राहा. तुम्ही प्रत्येकीला ओळखता. कुणाला मूल आहे, एवढंच सांगायचं. पाळणाघर तर आता बंदच होईल, पण दवाखान्यात तुमची सोय करण्याचं माझ्याकडे लागलं."

आज केशवला सगळं सांगावंच लागलं. त्याच्याकडेही वर्ष संपायच्या आत पगारकपात नक्की झाली आहे. ताट बाजूला सारून तो म्हणाला, "ताई, तुला खोटं कुठे बोलायचंय? आहे ते सांगायचं. खरं बोलून कुणाचं पाप लागत नाही." वाईट नाही माझा भाऊ. घाबरलाय. सुहासिनी दारामागे उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या.

आर्वी डोळ्यांसमोर येते आहे. ओटीवरचा तो कोपरा. जावेचं ते "आलात का?" म्हणणं. मला नाही जायचं तिथे. मरेपर्यंत नाही जायचं.

३० सप्टेंबर

काही ठरत नाही. दिवसभर नुसती देवापुढे बसून उठले. देवानं काय सांगायचं, त्याला कुठे नोकरी करायची आहे!

१ ऑक्टोबर, गुरुवार

फाटकावर उभी राहिले. विश्वनाथराव शेजारी, पलीकडे मुकादम. भोंगा झाला. एकेक बाई पुढे यायची, थांबायची, आणि माझ्याकडे बघायची. पहिली आली तिच्या चोळीवर दुधाचा ओला डाग. छातीवर पदर ओढून घेत होती, तरी दिसत होता. मला दिसत होता, विश्वनाथरावांना काय दिसणार!

"हिला?"

तोंड उघडलं तेव्हाही काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "हिला मूल नाही."

मग पुढचं सोपं गेलं. हिला नाही. हिलाही नाही. हिचं? छे, हिचं लग्न होऊन वर्ष झालं नाही! एकीकडे बोट केलं मुकादमानं, तर मी म्हटलं, तिच्या कडेवर होती ती भाची हो, परत गेली ती. अशी धडाधड खोटं बोलत सुटले की मलाच माझी मजा वाटायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपलं काही वजन आहे.

सत्यवती सगळ्यांत शेवटी आली. मी तिच्याकडे बघून गालात हसले. "ही? हिला कुठलं मूल! जुळी हिच्या नणंदेची होती." ती हसली नाही. एरवी काहीतरी फटकन बोलली असती. मान खाली घालून आत गेली, सरळ आपल्या जागेवर. घाबरली असेल, मला वाटलं.

विश्वनाथरावांनी विचारलं, "मग यमुताई, इतके दिवस तुम्ही सांभाळलीत ती मुलं कुणाची?" माझ्या शब्दावर यादीत सगळ्यांपुढे 'मूल नाही' लिहून झालं होतं. मग त्यांनी किल्ली मागितली, मी दिली. एवढंच.

घरी आल्यावर सुहासिनीनं चहा विचारला नाही. आर्वीला पत्र जाईल. जाऊ दे! एक तरी बाई कामावर राहिली माझ्यामुळे — एक काय, सगळ्याच राहिल्या. आज झोप लागेल असं वाटतंय.

२ ऑक्टोबर

सकाळी देवकी आली, मागच्या दाराशी. आत ये म्हटलं तरी आली नाही. कवडू परवा रात्री रडायचा थांबत नव्हता. पलीकडे मुकादम जागा होता. तिनं एक गोळी दिली, मग अजून एक. पहाटे अंधारातच उठवायला गेली तर तो उठलाच नाही. "मी मारलं का वं बाई त्याले?" एवढंच विचारत राहिली.

सत्यवती काल उजाडता उजाडता त्याला पुरून, तिथूनच फाटकावर आली होती.