आजोबांचा नेम

प्रिय धाकटे,

परवा फोनवर तू बाबांची चौकशी केलीस, मी "बरे आहेत" म्हणून विषय बदलला आणि तुझा आवाज एकदम पडला. तसं काही नव्हतं गं. बाबा समोरच बसले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. आता सविस्तर लिहिते.

तू गेलीस तेव्हा त्यांचा उजवा हात कसा होता, ते तू पाहिलंसच. अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणं सुधारलं, पाय चालायला लागले, पण हात मांडीवर परक्यासारखा पडून. चष्म्याच्या दांडीत तिळाएवढा स्क्रू बसवणारा माणूस, त्याला शर्टाचं बटण लावता येईना. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रबरी चेंडू द्यायच्या, "आजोबा, दाबा." बाबा तो खिडकीत ठेवून द्यायचे. "मी काय तान्हं बाळ आहे?" बाई गेल्या की भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, "चष्म्याचं दुकान विकून टाका." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुला कळवलं नाही.

त्यातच माझ्या टिकलीला वाढदिवसाला तिच्या आत्याने खेळण्यातली बंदूक दिली. पुढे गोल चक्री, तिच्या भोकांत फोमच्या मऊ गोळ्या भरायच्या, मागचा दांडा ओढायचा आणि चाप दाबायचा. घरभर गोळ्या! सोफ्याखाली, चपलांत, एक तर दुधाच्या पातेल्यात. माझा नुसता संताप. पण टिकलीला दांडा ओढायला जोर पुरेना. लेकीने सरळ बंदूक आजोबांच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही ओढा, मी मारते." बाबांनी डावा हात पुढे केला तर ही खेकसली, "त्या हाताने बंदूक धरायची! ओढायचं ह्या हाताने!" आणि स्वतःच त्यांची उजवी बोटं दांड्यावर गुंडाळली.

मी दारातच थबकले. दांडा अर्धा आला आणि निसटला. पुन्हा ओढला, पुन्हा निसटला. बाबांच्या कपाळावर घाम. मला वाटलं, आता बंदूक फेकतात. पण टिकली गप्प बसते का? "अहो, जवळजवळ आला होता!" मग एकदाचं खट्ट झालं, तिने चाप दाबला आणि गोळी छताला लागून बाबांच्याच टकलावर पडली. किती महिन्यांनी हसले गं ते!

त्यानंतर रोज संध्याकाळी फळीवर प्लास्टिकचे पेले मांडले जायचे. गोळ्या भरायचं काम बाबांचं. घट्ट धरली तर गोळी वाकते, सैल धरली तर हातातून पडते. पण असली बारीक कामं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मग चापही त्यांनीच दाबायला घेतला. आता टिकलीची तक्रार असते, "आजोबा चीटिंग करतात, खुर्ची पुढे सरकवतात." एकदा एक गोळी बाईंच्या पर्सवर बसली. मी ओशाळले. बाईंनी ती उचलली, बाबांच्या बोटांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलंत?" आणि स्वतः नेम धरायला बसल्या. चुकला!

रविवारी बाबांनी स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू काढून पुन्हा बसवला. हातातून पडला, शोधला, परत पडला, सगळ्यांवर ओरडले. पण कुणाला हात लावू दिला नाही. सोमवारपासून सकाळचा थोडा वेळ दुकानात बसतात. हात अजून लवकर दमतो, खोटं कशाला सांगू. पण गिऱ्हाइकांशी वाद घालतात म्हणजे तब्येत ठणठणीत.

फोनवर हे सांगितलं असतं तर ताई उगाच धीर देतेय, असं तुला वाटलं असतं, म्हणून हे सगळं लिहिलं. महिनाअखेरीला राजीनामा देऊन कायमची इकडे येते म्हणालीस, तेव्हा मी नको म्हटलं नाही. मी थकले होते गं, मला तू हवी होतीस. आता मात्र राजीनामा देऊ नकोस. इतक्या खटपटीने मिळालेली नोकरी आहे. बाबांचा निरोप जसाच्या तसा देते: "माझी सेवा करायला येणार असेल तर तिला दार उघडू नका. सुट्टीला खेळायला येऊ दे." आणि माझी काळजी करू नकोस. काल दुपारी मी चांगली दोन तास झोपले. कुणीही हाक मारली नाही.

तुझीच,
ताई