जुन्या कपड्यांवर भांडी

आई, गेल्या आठवड्यात ऑफिसात तुझ्याबद्दल खरं सांगायची वेळ आली आणि मी कच खाल्ली. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा हा कागद टाकायचा कुठं हा प्रश्नच नाही. लिहिते आहे इतकंच.

मी माणच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत आहे. लोक जुना मोबाइल देतात, वर पैसे घालून नवा नेतात. जुन्याची किंमत किती आणि कशी दाखवायची, हे मी ठरवते. म्हणजे तू संत तुकाराम नगरात डोक्यावर टोपली घेऊन करायचीस तेच, फक्त मी एसीत बसून. कॉलेजात असताना एकदा तुझ्यासोबत आले होते. तिसरा मजला, दुपारचे तीन. तू आधी मोठं पातेलं काढतेस. ते कुणी घेणार नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे, तरी त्यावर पाच साड्या मागतेस. "अगं बाई, पाच!" म्हणत त्या घरच्या वहिनी मागं सरकतात. मग तू कडीचा डबा काढून थेट त्यांच्या हातात देतेस आणि गप्प बसतेस. त्या डबा उघडतात, लावतात, ओट्यावर ठेवून लांबून बघतात. डबा आता त्यांचाच झालेला असतो. "दोन साड्या आन् सायबांची कंपनीची जुनी प्यांट," तू म्हणतेस. "बघा वैनी, साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटंल. सायब आले की प्यांट सोडायचे न्हाईत." प्यांट आली. तू वर चहाची गाळणी टाकलीस आणि वहिनी खूश झाल्या.

जिन्यात मी तुझ्यावर उखडले. कॉमर्स शिकत होते ना, शहाणी! "ही सरळ फसवणूक आहे," म्हटलं. तू टोपली सावरत म्हणालीस, "बये, फशिवलं असतं तर फुडल्या म्हैन्याला तिनं दार उघाडलं असतं व्हय?" खरं तर फसवणुकीचं मला काही पडलं नव्हतं. मला तुझी लाज वाटत होती. कुणी ओळखीचं भेटेल म्हणून मी चार पायऱ्या मागं राहून उतरत होते.

आता आमच्या ॲपवर आधी सगळ्यात महागडा फोन दिसतो, मग परवडणारा. 'ऑफर संपायला चौदा मिनिटं' म्हणून घड्याळ पळतं आणि वर एक कव्हर फुकट. विक्री वाढली तसं साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, हे शिकलात कुठं?" मी म्हटलं, "एका पुस्तकात." कुणाचं पुस्तक, हेही त्यांनी विचारलं. मी तुझं माहेरचं नाव सांगून टाकलं. त्यांनी ते वहीत नीट लिहून घेतलं. म्हणाले, "नाव तर आपल्याकडचं दिसतंय. फॉरेनला असतात का या बाई?"

मी हो म्हणाले.